गुरुवारी फुगणारं काँक्रीट

"मामा, या ठोकळ्याला कुणी हात लावला होता का?"

प्रयोगशाळेचे शिपाई मांडवकर मामा दाराशी उभे होते. त्यांनी आधी ठोकळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग छताकडे.

"कोण लावणार मॅडम? सिमेंटच्या ठोकळ्याला हात लावून कुणाला काय मिळणार?"

"मग हा वाढलाय कसा?"

"वाढला?" मामा दोन पावलं आत आले. "किती?"

"सहा घरं."

मामांनी डोळे बारीक करून ठोकळा न्याहाळला, आडवा पाहिला, उभा पाहिला. "दिसत नाय तसा," ते म्हणाले.

दिसणारच नव्हता. माझ्या मोजणीच्या यंत्रावर घड्याळासारखी तबकडी होती आणि तिच्यावरचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सहा घरं म्हणजे माशीच्या पंखावर धूळ बसावी एवढीच वाढ. पण मला घाम फुटला. कारण काँक्रीट घट्ट होताना आक्रसतं. पहिल्यांदा भराभर, मग हळूहळू, मग जवळजवळ नाहीच. ते फुगत नाही. फुगलं तर माझं कल्याण होतं.

ही गोष्ट शहाण्णव सालची. मी वृंदा मगदूम, मूळची जयसिंगपूरची, कोकणातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एम.ई. करत होते. माझा विषय होता काँक्रीटच्या आक्रसण्याचं भाकीत. मोठी फरशी घातली की ती वाळताना आखडते आणि कुठंतरी तडकते. किती आखडणार हे आधी कळलं, तर आपण मोजून सांधे ठेवू शकतो. आपण ठेवले नाहीत तर काँक्रीट स्वतःच ठेवतं, आणि त्याची निवड मालकाला कधीच आवडत नाही. पहिल्या महिनाभराच्या मोजणीवरून पुढच्या वर्षभराचं आक्रसणं सांगणारं एक सूत्र मी बसवलं होतं. ते खरं ठरवण्यासाठी मी बारा ठोकळे ओतले होते, लांबीला वीतभराहून थोडे जास्त, आणि रोज सकाळी दहा वाजता एकेक ठोकळा यंत्रात उभा करून त्याची लांबी लिहीत होते.

बाहेर कोकणातला जुलै. भिंतींना हात लावला तर हात ओला व्हायचा. म्हणून ठोकळे ठेवले होते एका बंद खोलीत. तिथं हवा कोरडी करणारं यंत्र अखंड घरघरत असायचं, आणि भिंतीवरची दमटपणाची तबकडी पन्नास दाखवायची. रोज पन्नास. वहीत तारीख, वेळ, पन्नास, असं लिहून मी कामाला लागायची. वर्षभरापूर्वी प्राचार्यांनी कॉलेजातल्या सगळ्या पाट्या मराठीत करून घेतल्या होत्या, त्यामुळे खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: सुकवण्याची खोली.

त्या गुरुवारी बाराच्या बारा ठोकळे सहा घरं फुगले होते.

माझे मार्गदर्शक डॉ. निमकर यांना मी वही दाखवली. सर अठ्ठावन्न वर्षांचे, बारीक अंगाचे, शर्टच्या खिशात चार पेनं.

"तुझा हात हलला असेल, मगदूम."

"बारा वेळा सर?"

"मग बारा वेळा हलला असेल. उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी काँक्रीट परत निमूटपणे आक्रसायला लागलं. मी हुश्श केलं. पुढच्या गुरुवारी ते नऊ घरं फुगलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा नऊ.

आता सर स्वतः खोलीत यायला लागले. आम्ही मोजणीचं यंत्र बदललं. सिमेंटची पोती तपासली. विजेचा दाब गुरुवारी बदलतो का ते पाहिलं. मी एकेक ठोकळा भिंगाखाली धरून तपासला, तेव्हा सातव्या ठोकळ्याच्या कडेला एक तपकिरी कण चिकटलेला सापडला. वहीत मी लिहिलं: 'अज्ञात कण, लांबी पाच मिलिमीटर, उभ्या रेषा असलेला.' सरांनी तो कण काचेच्या डबीत ठेवला आणि भूगर्भशास्त्राच्या मास्तरांना दाखवला. ते म्हणाले, असं खनिज आपल्या भागात सापडत नाही.

एकदा खोलीत शिरताना मला हिंगाचा वास आल्यासारखा वाटला. मी तो भुकेच्या खाती टाकला. मेसचं जेवण तसं होतंच.

"मगदूम," एका दुपारी सर आवाज खाली आणून म्हणाले, "समुद्राला भरती का येते?"

"चंद्रामुळे, सर."

"काँक्रीटमध्ये पाणी असतं की नाही?"

दुसऱ्याच दिवशी सर बंदरातून भरती-ओहोटीचं वेळापत्रक घेऊन आले. त्यांच्या टेबलावर एका बाजूला माझी वही, दुसऱ्या बाजूला पंचांग. चंद्र जुळेना. मग त्यांनी चंद्राला सोडलं आणि म्हणाले, "कारण नंतर शोधू. आधी नियम शोधू. न्यूटनला तरी सफरचंद का पडतं हे कुठं माहीत होतं?"

मी माझ्या सूत्रात सात दिवसांची एक लाट जोडली. पुढच्या गुरुवारी किती फुगणार, याचं उत्तर आलं अकरा. गुरुवारी सर सकाळी साडेनऊपासून माझ्या मागे येरझारा घालत होते. काटा बारावर थांबला.

"अकरा म्हटलं होतं, बारा आलं!" सर ओरडले. मग त्यांनी मांडवकर मामांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "मांडवकर, अहो, काँक्रीट श्वास घेतं!"

मामांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, बिचाऱ्यांना एवढ्या मोठ्या शोधाचा धक्का बसला.

त्यानंतर सर बदललेच. वर्गात जाताना गुणगुणायला लागले. चेन्नईला होणाऱ्या परिषदेसाठी त्यांनी निबंध लिहून पाठवून दिला, 'काँक्रीटचे साप्ताहिक श्वसन'. एकदा चहा पिता पिता ते मला म्हणाले, "तीस वर्षं मी फळ्यावर दुसऱ्यांच्या नावाची समीकरणं लिहितोय, मगदूम. रँकिनचं हे, ऑयलरचं ते. पोरं पाठ करतात." मग खिडकीबाहेर बघत, अगदी सहज म्हटल्यासारखं, "निमकर परिणाम. कसं वाटतं कानाला?"

"छान वाटतं, सर," मी म्हणाले. खरंच छान वाटत होतं.

मलाही घाई होती. पुण्यातल्या एका सिमेंट कंपनीच्या प्रयोगशाळेत माझी निवड झाली होती. सप्टेंबरअखेर पदवीचा दाखला आणा, एवढीच अट. प्रबंध तपासायला पुण्याहून डॉ. दाबके येणार होते. तोंडी परीक्षेत भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. सरांनी मुद्दाम गुरुवार ठरवला, गणपतीच्या आधीचा. दाबक्यांच्या डोळ्यांसमोर काँक्रीट बारा घरं फुगवून दाखवायचं, असा बेत होता.

आदल्या दिवशी, बुधवारी, मी पाच वाजता निघाले आणि फाटकापाशी छत्रीची आठवण झाली. छत्री सुकवण्याच्या खोलीत राहिली होती. परत आले तर दार नुसतं लोटलेलं. मी ढकललं.

आत मांडवकर मामा आणि त्यांची बायको सुगंधामामी, दोघं उकिडवे बसले होते. त्यांच्यासमोर आमचे वाळू वाळवायचे पत्र्याचे ट्रे, त्यांच्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि कागदावर ओल्या, पांढऱ्याशुभ्र, हिंग-जिरं घातलेल्या कुरडया. माझ्या ठोकळ्यांच्या फळीखाली एक ट्रे, शेजारी दोन, यंत्राच्या तोंडासमोर दोन, दाराकडे दोन.

हवा कोरडी करणारं यंत्र तेवढं धापा टाकत होतं.

"ते खनिज," मी म्हणाले, "जिरं होतं."

"कुठलं खनिज?" मामांनी विचारलं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. मामींचं माहेर पाटणचं. त्यांच्या हातच्या कुरडयांना शुक्रवारच्या बाजारात मोठी मागणी होती. पण कोकणच्या पावसात कुरडई वाळवायची कुठं? सूर्य आठवड्यातून एकदा तोंड दाखवणार, तोही रुसल्यासारखा. म्हणून बुधवारी संध्याकाळी मी गेले की ट्रे आत, आणि गुरुवारी साडेनऊच्या आत बाहेर. गुरुवारी रात्रभर चुलीपाशी राहिल्या की शुक्रवारी कुडकुडीत.

"मामा, तुम्हाला असं वाटलं नाही, की इथं हे करू नये?"

"मॅडम, दारावर काय लिवलंय?" मामा कळवळून म्हणाले. "सुकवण्याची खोली. आत काय सुकवायचं ते कुठं लिवलंय?"

"पण दमटपणा! एवढं पाणी हवेत जातं, तेच माझे ठोकळे पितात. म्हणून तर फुगतात." मी एकदम उठून भिंतीवरच्या तबकडीपाशी गेले. काटा पन्नासवर होता. "हा का नाही हलत?"

"त्यो?" मामा म्हणाले. "त्यो मी नोकरीला लागलो तवापासून पन्नासवरच हाय. तुमच्या आधीची पोरं पण पन्नासच लिवायची."

मी तबकडीवर टिचकी मारली. काटा हलला नाही. वर्षानुवर्षांचे प्रबंध माझ्या डोळ्यांसमोरून सरकले. सगळे पन्नास.

मामींनी तेवढ्यात पदराने हात पुसले. "ताई, ह्यास्नी मी सांगत हुते, पोरगीला इचारा म्हनून. पर साहेब त्या दिवशी येवढं नाचाय लागलं, मग ह्यांची जीभच उचलंना." जरा थांबून त्यांनी विचारलं, "उद्या तुमची परीक्षा हाय न्हवं? मग आता उचलून न्हेऊ का समदं?"

मी 'हो' म्हणणार होते, तेवढ्यात माझी नजर ट्रेंवर गेली. ट्रे उचलले तर उद्या काँक्रीट फुगणार नाही आणि सर दाबक्यांसमोर तोंडावर पडतील. ट्रे राहू दिले तर काँक्रीट फुगेल, निमकर परिणाम जन्माला येईल, मी महिनाअखेर पुण्याला. कुणालाही काही कळणार नाही. फक्त कुणीतरी कुठंतरी ते सूत्र वापरून फरशी घालेल, आणि ती गुरुवार सोडून कुठल्याही वारी तडकेल.

पण खरं सांगू? त्या क्षणी नीतीपेक्षा मला दुसराच प्रश्न छळत होता.

"मामी, पहिल्या बुधवारी किती ट्रे ठेवले होते?"

"दोन."

"दुसऱ्या?"

"तीन. त्याच्या म्होरल्याला बी तीनच. मग चार. मग परत्येक येळी चार."

सहा, नऊ, नऊ, बारा, बारा. मी छत्रीच्या टोकाने फरशीवरच्या सिमेंटच्या धुळीत एक आलेख काढला. सगळे बिंदू सरळ रेषेत बसले. ट्रेला तीन घरं. दोन वर्षांत मी काढलेला हा सगळ्यात सुंदर आलेख होता.

"आणि आज?"

"गणपतीची मागणी हाय. सात."

"राहू द्या," मी म्हणाले. "सातही राहू द्या. सकाळी नेहमीसारखे साडेनऊच्या आत काढा."

दुसऱ्या दिवशी डॉ. दाबके आले. एवढं नाव ऐकलं होतं, प्रत्यक्षात ठेंगणे, गोल, नाकावर सारखा घसरणारा चष्मा. सरांनी इस्त्रीचा कोट घातला होता. त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून छोटंसं भाषण केलं. शेवटी म्हणाले, "आता आपण मोजणी करू. आमच्या सूत्रानुसार आज हे ठोकळे बारा घरं फुगलेले असतील."

"एकवीस," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू एखादा ठोकळाच बोलला.

"काय म्हणालीस?"

"बारा नाही, सर. एकवीस."

"कशावरून?" दाबक्यांनी चष्मा वर ढकलला.

"आधी मोजू या का, सर? मग सांगते."

मी पहिला ठोकळा यंत्रात बसवला. काटा फिरला. दहा गेले, बारा गेले. सरांच्या घशातून बारीक आवाज आला. पंधरा. सतरा. अठरा. अठरावर काटा थांबला. मी ठोकळा काढून परत बसवला. अठरा. दुसरा घेतला. अठरा.

"म्हणजे दोघंही चुकलात," दाबके म्हणाले. आवाजात अजिबात दया नव्हती. "आता तुमच्या एकविसाचा आधार सांगा."

आता मागे फिरायला वाट नव्हती. "कुरडया, सर."

"काय?"

"काल रात्री या खोलीत ओल्या कुरडयांचे सात ट्रे होते. दर आठवड्याला असतात. ट्रेमागे काँक्रीट तीन घरं फुगतं. भिंतीवरची तबकडी बंद आहे. काँक्रीट श्वास-बिस काही घेत नाही, सर. सात त्रिक एकवीस, म्हणून एकवीस." आणि मग माझा धीर खचला. "पण आलेत अठरा. ते का, ते मला नाही माहीत."

निमकर सर कोटाचं एकच बटण लावत होते आणि काढत होते.

"सा," दाराकडून आवाज आला.

सगळे वळले. मांडवकर मामा अंग चोरून उभे होते.

"काय सहा?" दाबक्यांनी विचारलं.

"ट्रे, सायेब. सात नव्हते, साच होते. काल मॅडम गेल्या आणि प्रिन्सिपॉल सायबांच्या बाईंचा निरोप आला, पाव्हणे येणार हायेत म्हणून. मग एक ट्रे ओलाच त्यांच्या बंगल्यावर पोचवला."

दाबक्यांनी खिशातून पेन काढलं. माझ्या वहीच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं: सहा गुणिले तीन बरोबर अठरा. आणि त्याच्याखाली एक रेघ मारली. मग चष्मा पूर्ण काढला, डोळे पुसले, आणि त्यांचं ते गोल पोट हलायला लागलं. आधी आवाज नव्हता. मग आला. ते भिंतीला धरून हसले, खुर्चीत बसून हसले, थांबले, "ओलाच!" असं म्हणून पुन्हा हसले.

शेवटी ते शांत झाले आणि माझ्याकडे वळले. "मिस मगदूम, तुमचं भाकीत बरोबर आहे. तुमचा प्रबंध चूक आहे."

"हो, सर."

"सगळी मोजणी पहिल्यापासून. नवी तबकडी लावून. सहा महिने."

"हो, सर."

"आणि कुरडयांचं एक प्रकरण शेवटी जोडा. खोली नीट राखली नाही तर काय होतं, हे इतक्या स्वच्छ आकड्यांत मी आजवर पाहिलेलं नाही." मग मामांकडे वळून, "विकायला आहेत का त्या?"

दोन किलो घेऊन ते पुण्याला गेले. माझी पुण्याची नोकरी मात्र गेली. कंपनीने सहा महिने थांबायला नकार दिला आणि दुसऱ्या कुणालातरी घेतलं. ते पत्र आलं त्या दिवशी मी हॉस्टेलच्या मोरीत नळ सोडून भरपूर रडले. मांडवकर मामांकडे कॉलेजने लेखी खुलासा मागितला. तो मीच लिहून दिला: 'दारावरील फलकानुसार खोलीचा वापर केला.' प्राचार्यांनी तो वाचला, एक दिवस टेबलावर ठेवला, आणि कुणाला काही न विचारता फायलीला लावून टाकला. एक ट्रे शेवटी त्यांच्याच घरी गेला होता ना.

निमकर सर माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. समोरून आले की पुस्तकात डोकं घालायचे. गणपती आले, गेले. ठोकळे मी नव्याने ओतले. नव्या तबकडीचा काटा दिवसभर इकडेतिकडे हलायचा, आणि त्याच्याकडे बघून मला बरं वाटायचं.

नवव्या दिवशी सरांनी बोलावलं. टेबलावर चेन्नईहून आलेलं जाडसर पाकीट होतं. परिषदेने निबंध स्वीकारला होता. एवढंच नाही, तर सरांना पहिल्याच सत्रात, मुख्य व्यासपीठावरून बोलायची विनंती केली होती. सरांनी ते पत्र मला वाचायला दिलं. मी वाचत होते तेवढा वेळ ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"निबंध मागे घ्यायचाय," ते म्हणाले. "तुझं अक्षर बरं आहे. लिही."

मी लिहिलं. मान्यवर महोदय वगैरे. "कारण काय लिहू, सर?"

"तांत्रिक लिही."

मी 'तांत्रिक' लिहिलं. सर उठले, पंख्याचं बटण लावलं, बंद केलं, परत बसले.

"नको. तांत्रिक लिहिलं तर काय तांत्रिक ते विचारतील. खोड."

"मग, सर?"

सरांनी टेबलावरचं पाकीट सरळ केलं. मग त्यांचा ओठ जरासा एका बाजूला वळला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच.

"घरगुती लिही."

मी लिहिलं: 'घरगुती कारणास्तव सदर निबंध मागे घेत आहे.' सरांनी कागद हातात घेतला, चष्म्याखालून एकेक शब्द वाचला, आणि सही करण्याआधी पेन थांबवून मला विचारलं,

"यात खोटं तर काही नाही ना, मगदूम?"

"एक अक्षरही नाही, सर," मी म्हणाले. आणि त्यांनी सही केली.